ऑस्टिन सेव्हन आणि एनॉकचे गुरुवार

३ मार्च १९३५, रविवार

आमच्या दारात मोटर उभी आहे. हे वाक्य लिहितानासुद्धा चोरी केल्यासारखं वाटतंय.

मोटर म्हणायची म्हणून म्हणायची. नऊ वर्षं वापरलेली ऑस्टिन सेव्हन, जिला सगळे बेबी ऑस्टिन म्हणतात. वर कापडी छत, पुढे दोघांची जागा, आणि मागे दोन लहान मुलं नाहीतर एक मोठं घड्याळ मावेल एवढा कोनाडा. आम्हाला मुलं नाहीत, म्हणजे घड्याळच. शाळामास्तरांनी मोठी गाडी घेतली म्हणून ही आमच्याकडे आली. मास्तर स्वतः दारापर्यंत आणून देऊन गेले. अख्ख्या बिशप्स कॅसल गावाला आज चॅपलमधल्या प्रवचनापेक्षा आमच्या दारात जास्त रस होता.

खाटकाची बायको मिसेस गिटिन्स म्हणाली, "काय हो मिसेस बेडोज, बाळाला दूध पाजता की पेट्रोल?"

"तुमच्या दुकानात टांगलेल्या बैलापेक्षा हलकी आहे," माझा नवरा एनॉक म्हणाला, "आणि बोलते तुमच्यापेक्षा कमी."

सगळे हसले. तीसुद्धा. बऱ्याच दिवसांनी एनॉक असं काही बोलला. गेल्या शरद ऋतूत मोटरसायकल अचानक विकून टाकल्यापासून हा माणूस नुसता घुम्या झाला होता. घड्याळं दुरुस्त करत त्याची सव्वीस वर्षं या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांत गेली. मोटरसायकल का विकली विचारलं तर म्हणे थंडी सोसत नाही. मग मोटर तरी चालवेल. बघू.

१० मार्च, रविवार

जेवताना एनॉकनं मोटरचं पुराण सांगितलं. मला वाटलं होतं दोन वाक्यांत संपेल. पुडिंग गार झालं.

ही पहिल्यांदा निघाली तेव्हा म्हणे कारखान्यातल्या मोठ्या लोकांनाच नको होती. म्हणून मालकानं घरी, बिलियर्डच्या खोलीत, अठरा वर्षांच्या आराखडे काढणाऱ्या मुलाला बसवून ती कागदावर उतरवून घेतली. लोक हसले. बाबागाडी म्हणाले. आणि आता जर्मन तीच बनवतात, फ्रेंच बनवतात, अमेरिकनसुद्धा बनवतात.

"त्याच्या आधी आपल्यासारख्यांना काय होतं?" एनॉक म्हणाला. "नवरा पुढे मोटरसायकलवर भिजतोय आणि बायको बाजूच्या टोपलीत भिजतेय."

"मी अकरा वर्षं भिजले," मी म्हणाले.

"म्हणून तर आणली."

हे त्यानं अगदी साधेपणानं म्हटलं. मी बशा उचलल्या.

१५ मार्च, शुक्रवार

आज लिडबरी नॉर्थहून परतताना एनॉकनं गाडी एका शेताच्या दगडी खांबावर घातली. पुढच्या चाकावरचं पंखासारखं पत्र्याचं आवरण चेपलं, बाकी आम्ही दोघं धड. फाटकाशी एक मुलगी गाय धरून उभी होती. दोन हात अलीकडे खांब होता म्हणून बरं.

एनॉकचा चेहरा पांढराफटक पडला. "उन्हाची तिरीप डोळ्यावर आली," तो म्हणाला. मग रस्त्याकडेला बसून राहिला, किती तरी वेळ. ती मुलगी गायीला घेऊन गेली तरी तिकडेच बघत होता.

आता लिहिताना लक्षात येतंय, सूर्य आमच्या पाठीशी होता. जाऊ दे. घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो.

१८ मार्च, सोमवार

एनॉक म्हणतो, मोटर मी शिकायची. मी! शेहेचाळीस वर्षांची!

"आणि तू?"

"मला कंटाळा आलाय. तू चालव, मी शेजारी बसून शिकवेन. नवा कायदा आलाय, शिकताना गाडीला लाल अक्षराची पाटी लावायची आणि मग परीक्षा द्यायची. जूनपर्यंत तयारी झाली पाहिजे."

"कसली घाई आहे एवढी?"

"आहे," एवढंच म्हणून तो दुकानात गेला.

संध्याकाळी मिसेस गिटिन्सला सांगितलं तर तिनं भुवया अशा चढवल्या की टोपीत गेल्या. "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. पुरुष पन्नाशीत मोटर घेतो तेव्हा ती बायकोसाठी नसते. पण घेऊन बायकोच्याच हाती देतो, हे काही मला कळलं नाही."

मलाही नाही कळलं.

२८ मार्च, गुरुवार

एनॉक पुन्हा श्रूजबरीला गेला होता. जानेवारीपासून दोन-तीन आठवड्यांनी एकदा गुरुवारी जातो. घड्याळांचे सुटे भाग आणायला म्हणतो. आज पिशवी रिकामीच होती, म्हणे माल आला नव्हता.

परत आला तेव्हा त्याचे डोळे वेगळेच दिसत होते. मोठे, काळेभोर, ओले. दिवा सहन होईना म्हणून त्यानं वात खाली केली. लग्नाच्या आधी पुलावर मला भेटायला यायचा तेव्हा त्याचे डोळे असे दिसायचे. मला बघून.

आज मला बघून नव्हते झाले. आल्यापासून त्यानं माझ्याकडे धड पाहिलंही नाही.

मी काय लिहितेय हे? मूर्ख बाई.

९ एप्रिल, मंगळवार

चौथा धडा. या गाडीचा क्लच म्हणजे पाप-पुण्यासारखा आहे. एक तर आहे, नाहीतर नाही. मधलं काही नाही. पहिले दोन दिवस आम्ही सशासारख्या उड्या मारत गेलो. आज मात्र गाडी सरळ चालली, आणि मला (खरं ते लिहावं) फार मजा आली.

एनॉक उत्तम शिकवतो. गिअर कधी बदलायचा ते इंजिनाच्या आवाजावरून सांगतो, बघतसुद्धा नाही. "ऐक. आता ती कण्हतेय. आता बदल." तो म्हणतो, पूर्वी एकेका मोटरीत पायांखालच्या पट्ट्या वेगवेगळ्या क्रमानं असायच्या, एकीची सवय दुसरीत जीव घ्यायची. हिच्यात क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये, वेग उजवीकडे. आता बाकीचेही तसंच करतात. जग बाबागाडीकडून शिकलं म्हणे.

फक्त एक गोष्ट मला आवडत नाही. समोर जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. "डावीकडे कुंपण. पुढे वळण. मेंढ्या, पाच. माणूस, सायकलवर." पोपटासारखं.

"हे कशाला?"

"चांगला चालक असंच करतो. डोळे रस्त्यावर राहतात."

असेल. पण जीभ वाळते.

२१ एप्रिल, ईस्टर

काल आमची रेल्वे बंद झाली. शेवटच्या गाडीला सगळा गाव गेला होता. साठेक वर्षं तोट्यात चाललेली गाडी, तिला शिव्या देणारेच रडत होते.

मी एनॉकला म्हणाले, "आता तुझ्या गुरुवारचं काय? मी नेईन तुला श्रूजबरीला. तू शेजारी असलास की मला चालवता येतं."

"नको." एकदम तुटक. "प्रीस कंपनीच्या बसनं जाईन. तिथली गर्दी तुला झेपायची नाही."

परवा तर म्हणत होता, माझ्यासारखे हात त्यानं कुणाचे पाहिले नाहीत.

७ मे, मंगळवार

काल राजाच्या राज्यारोहणाची पंचवीस वर्षं. पताका, चहा, मुलांना राजाच्या चित्राचे कप वाटले. संध्याकाळी चार तरण्या शेतकऱ्यांनी आमची ऑस्टिन उचलून टाउन हॉलच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवली. मी खाली उभी राहून ओरडत होते आणि सगळा गाव हसत होता. शेवटी मीही हसले. एनॉकला मात्र काय चाललंय ते कळायला वेळ लागला. "कुठाय गाडी?" दोनदा विचारलं. पायऱ्यांकडेच तोंड करून.

जास्त झाली होती बहुतेक. पण त्यानं तर चहाच घेतला होता.

१७ मे, शुक्रवार

मे महिन्यात बर्फ! सफरचंदाचा सगळा मोहर गेला.

बाहेर जाता येईना म्हणून एनॉकनं मला दुकानात बसवलं. हल्ली रोजच बसवतो. आज एका खिशातल्या घड्याळाची केसासारखी स्प्रिंग मी बसवली. त्यानं डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हाती दिलं आणि म्हणाला, "माझे हात थरथरतात आता." तीनदा चुकले, चौथ्यांदा बसली. घड्याळ टिकटिकायला लागलं तेव्हा माझ्या तोंडून चक्क किंकाळी निघाली.

"छान," तो म्हणाला. आणि घड्याळ कानाशी धरून बसला.

पण हात थरथरतात म्हणजे काय? सकाळी पावाची चकती त्यानं कागदासारखी पातळ कापली.

मला वाटतं, दुकान माझ्यावर सोपवायचंय त्याला. मोटरही माझ्यावर. मग तो स्वतः कुठे जाणार आहे?

३१ मे, शुक्रवार

कळलं.

काल तो श्रूजबरीहून आला आणि कोट खुर्चीवर टाकून झोपला. कोट झटकताना खिशातून चिठ्ठी पडली. चार ओळी, बाईचं अक्षर. "गुरुवार, २० जून, दुपारी दोन. नक्की या, आता पुढे ढकलू नका. रात्रीचे कपडे आणावेत. एम. कॉरफिल्ड."

रात्रीचे कपडे.

चिठ्ठी परत खिशात ठेवली. सकाळी त्याला अंडं उकडून दिलं. त्यानं मिठाऐवजी साखरेच्या भांड्यात बोटं घातली, आणि मी घालू दिली. खा म्हटलं साखर.

२ जून, रविवार

रडून झालं. आता ठरवलंय. अकरा तारखेला लडलोला परीक्षा आहे. पास व्हायचं. मग मोटर घ्यायची आणि हेरिफर्डला बहिणीकडे निघून जायचं. स्वतः चालवत. त्यानंच शिकवलंय, त्याचाच उपयोग करायचा. घड्याळंही मला येतात आता. उपाशी मरणार नाही.

एम. कॉरफिल्डनं मिस्टर बेडोजचे मोजे शिवावेत.

११ जून, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवणार.

परीक्षक लडलो स्टेशनच्या बाहेर भेटले. मिस्टर लेथब्रिज, उंच, काटकुळे, मांडीवर टोपी ठेवून कसेबसे घडी होऊन बसले. एनॉक स्टेशनच्या बाकावर थांबला. मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

निघालो. मला सवय झालेली, तोंड आपोआप सुरू झालं. "डावीकडे दुधाची गाडी, पांढरा घोडा. उजवीकडे दोन बायका, एक ओलांडायच्या बेतात. पुढे कमान, अरुंद. कमानीखाली कुत्रा."

मिस्टर लेथब्रिज थोडा वेळ ऐकत राहिले. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "बाईसाहेब, हे सगळं मला सांगायची गरज नाही. मला दिसतं."

मला दिसतं.

कमानीतून बाहेर पडेपर्यंत सगळं माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. पाठीशी असलेला सूर्य. दगडी खांब. साखरेचं भांडं. "कुठाय गाडी?" केसासारखी स्प्रिंग. आणि ते काळेभोर मोठे डोळे. अरे देवा, तपासण्याआधी दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालतात! माझ्या आईला घातले होते!

"बाईसाहेब, चढावर थांबून पुन्हा निघून दाखवा."

थांबले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हातात ब्रेक, पायाखाली तो पाप-पुण्याचा क्लच. ऐकलं. ती कण्हली. सोडला. एक इंचही मागे न सरकता ऑस्टिन वर चढली.

मिस्टर लेथब्रिजनी कागदावर सही केली आणि खिशातला रुमाल पुढे केला. "पुष्कळ लोक रडतात," ते म्हणाले, "पण सहसा नापास झाल्यावर."

मी स्टेशनवर गेले. एनॉक बाकावर ताठ बसला होता. मी त्याच्या समोर, पाच-सहा पावलांवर, गुपचूप उभी राहिले. भर दुपार होती. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला दिसत नव्हते.

"कोण आहे?" तो हळूच म्हणाला.

"मी आहे. पास झाले."

त्यानं मोठा श्वास सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी शेजारी बसले.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

त्यानं हात खाली घेतले. "सावल्या दिसतात. कडेकडेनं जास्त. गेल्या शरद ऋतूपासून वाढलं. डावा तर लहानपणीच गेलेला, तुला माहीतच आहे. आता उजव्यात मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात काढता येईल. पण हेस्टर, एकच डोळा आहे. बिघडला तर काळोख. आणि घड्याळजी आंधळा झाल्याचं एकदा गावाला कळलं की संपलंच. म्हणून म्हटलं, आधी तुला मोटर यावी, स्प्रिंग बसवता यावी. मग काय व्हायचं ते होवो."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तू शिकली नसतीस. माझ्याजवळ बसून राहिली असतीस."

खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. "एम. कॉरफिल्ड कोण?"

"सिस्टर कॉरफिल्ड? श्रूजबरीच्या दवाखान्यातली मुख्य नर्स." तो गोंधळला. "का? साठीची आहे. मिशा आहेत तिला."

"मिशा तुला बऱ्या दिसल्या!"

"आवाजावरून कळतं."

मी हसायला लागले ते थांबेचना. हमालानं येऊन पाणी हवं का विचारलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. चिठ्ठी, रात्रीचे कपडे, हेरिफर्डला निघून जाणार होते तेसुद्धा.

"मोटर घेऊन?" एनॉक म्हणाला. "आणि मी इथून चालत?"

वाटेवर मी त्याला सगळं सांगत आले. मेंढ्या, कुंपणं, ढग, कुणाच्या दोरीवर काय वाळत घातलंय तेसुद्धा. तो ऐकत होता. दहा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या छातीवरचा दगड हलला. डोळ्याची भीती आहे, फार आहे. पण ती आता दोघांची आहे.

२० जून, गुरुवार

त्याला मीच चालवत श्रूजबरीला नेलं. गर्दी झेपली. सिस्टर कॉरफिल्डला खरंच मिशा आहेत, आणि हात फार मऊ आहेत.

शस्त्रक्रिया झाली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. दहा दिवस.

"हसायचं नाही हे बायकोला सांगा," एनॉक ओठ न हलवता म्हणाला.

२६ जून, बुधवार

मी रोज फेरीला जाते. आज डोंगरावरच्या चार घरांची घड्याळं. चिखलात मोठ्या गाड्या रुतल्या होत्या, माझी वरून निघून गेली. वाटेत जिल्ह्याची सुईण तिच्या ऑस्टिनमध्ये भेटली, अगदी माझ्यासारखीच गाडी. आम्ही दोघींनी भोंगे वाजवले. ती म्हणाली, हिच्याआधी सायकलवरून पोचेपर्यंत अर्धी बाळं स्वतःच जन्माला यायची.

विचारतात लोक, एनॉक कुठाय? मी खरं सांगते. एकानंही घड्याळ परत मागितलं नाही. वेंटनरच्या म्हातारबुवांनी उलट आणखी एक दिलं.

१ जुलै, सोमवार

पट्टी काढली.

डॉक्टरांनी पडदे ओढलेले. एनॉकनं पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मी श्वास धरून उभी. तो म्हणाला, "खिडकी. चार तावदानं. धूसर आहे, पण चार आहेत."

डॉक्टर म्हणाले, बाकीचं चष्मा करेल, सहा-सात आठवड्यांनी.

मी बाहेर येऊन ऑस्टिनमध्ये बसले आणि इंजिन न लावता दहा मिनिटं नुसतं स्टिअरिंगचं चाक धरून ठेवलं.

२० जुलै, शनिवार

मिसेस गिटिन्स मागच्या दारानं आली. मी म्हटलं, पुन्हा काही बातमी. तर तिनं एप्रन चाचपला आणि म्हणाली, "मला शिकवाल का चालवायला? त्यांना सांगू नका. मांस पोचवायची गाडी आमच्याकडे आहे, पण मी दारापलीकडे जाते कुठे?"

"पोपटासारखं बोलावं लागेल," मी म्हणाले.

"ते जमेल," ती म्हणाली. जमेलच.

२२ ऑगस्ट, गुरुवार

चष्मा मिळाला. काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. दवाखान्याच्या दारात एनॉकनं तो घातला आणि आधी माझ्याकडे पाहिलं. टक लावून. मला नवरीसारखं लाजल्यासारखं झालं.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तू गुरुवारी गावाला जायला लागलास तेव्हापासून."

"आणि केवढी मोठी दिसतेस!"

"तो चष्मा आहे!"

"असेल," तो म्हणाला, "तक्रार नाही."

निघालो. गावाबाहेर पडल्यापासून तो कापडी छत खाली करून मान चहूकडे फिरवत होता. चढ संपल्यावर त्यानं थांबायला सांगितलं. खाली सगळे डोंगर, एकामागे एक, हेदरच्या झुडपांना फुलं आलेली. तो उतरला नाही. फक्त बघत राहिला.

"निळं," तो म्हणाला. "हेस्टर, मी निळा रंग विसरलो होतो. सगळं पिवळट, चहात बुडवल्यासारखं झालं होतं. मला वाटायचं हवाच तशी आहे."

त्याच्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. मी दुसरीकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले होते, चष्म्याची सवय झाली की हळूहळू चालवायला हरकत नाही. रस्ता रिकामा होता, पुढे सरळच उतार. मी दार उघडलं. "ये या बाजूला. घे चाक. तुझीच गाडी आहे."

त्यानं चाकाकडे पाहिलं, मग पुन्हा डोंगरांकडे. आणि माझा हात धरून मला परत आत ओढलं.

"तू चालव," तो म्हणाला. "मला बघायचंय."